मिनल की लॅपटॉप

'रिवर्क' या बँडमध्ये मिनलची जागा अजून पक्की नव्हती. ज्याच्यामुळे पक्की नव्हती, तो स्टेजवरच एका लाल प्लास्टिकच्या खुर्चीत बसलेला होता. लॅपटॉप. मिनलला खुर्ची नव्हती. ती उभी होती.

त्याचं असं झालं. बँडचा कीबोर्डवाला विक्की तळेगावला एका कंपनीत लागला आणि त्याला सेकंड शिफ्ट मिळाली. बँडची प्रॅक्टिस संध्याकाळी आणि विक्कीची ड्यूटीही संध्याकाळीच. भला माणूस, जाताना त्यानं सगळ्या गाण्यांमधलं आपलं वाजवणं रेकॉर्ड करून आयुषच्या लॅपटॉपमध्ये भरून दिलं. बटण दाबलं की विक्की वाजायला लागायचा. प्रत्येक वेळी तसाच, अगदी खोकल्यासकट. दुसऱ्या गाण्यात एका ठिकाणी विक्की खोकला होता.

आयुष हा बँडचा गायक, गिटारवाला आणि मालक. मालक असं कुणी म्हणायचं नाही, पण केबलींचा खोका त्याच्या घरी असायचा. दिवसा तो चाकणला दरवाजाच्या कंपनीत क्वालिटीला होता. कंपनीचं नाव बोर्डावर बरंच लांब आणि इंग्रजीत होतं, पण ती गाड्यांचे दरवाजे बनवायची म्हणून सगळे तिला दरवाजाची कंपनीच म्हणायचे. दिवसभर दरवाजे उघडून-मिटून 'हा पास, हा रिवर्कला', म्हणजे परत दुरुस्तीला, असं ठरवायचं, हे आयुषचं काम. संध्याकाळी तो माणसांकडेही तसाच बघायचा.

ड्रमवर धम्मरत्न. हा मिनलचा सख्खा मामा, त्याच कंपनीत पत्रे दाबायच्या प्रेस शॉपला. विक्की गेल्यावर पुढच्याच प्रॅक्टिसला तो मिनलला घेऊन आला आणि म्हणाला, "ही माझी भाची. वाजवते."

"कितवीत आहे?" आयुषनं मामालाच विचारलं.

"अकरावीत," मिनलनंच सांगितलं.

"आणि कुठं वाजवते?"

"आमच्या दाजींची गायन पार्टी आहे पिंपरीत," मामा म्हणाला. "भीमगीतांची. त्यांच्यात कीबोर्डला हीच असते."

"आपला रॉक आहे, भावा."

"मग? जयंतीच्या स्टेजवर वाजवलेलं पोरगं कुठंही वाजवतं. तुझ्यासमोर असतात तुझे मित्र. तिच्यासमोर अख्खी वस्ती असते. आणि वस्ती तोंडावर चूक काढते."

आयुषनं मिनलकडे पाहिलं, मग लॅपटॉपकडे पाहिलं. "लॅपटॉप चुकत नाही," तो म्हणाला. "लॅपटॉपला परीक्षा नसते. लॅपटॉपच्या आईचा फोन येत नाही."

नेमका तेव्हाच मिनलच्या आईचा फोन आला. मिनलनं तो कट केला. मग तो मामाला आला.

बेस वाजवणारी रश्मी एवढा वेळ तारा जुळवत होती. ती माणला आयटीत होती आणि ऑफिसचं ओळखपत्र गळ्यात तसंच ठेवून प्रॅक्टिसला यायची. ती मान वर न करता म्हणाली, "आयुष, लॅपटॉपसोबत मी दिवसभर असते. संध्याकाळी तरी माणूस दे."

शेवटी असं ठरलं की दरवाजाच्या कंपनीच्या फॅमिली डेला मिनल वाजवेल. नीट झालं तर ती बँडमध्ये. नाही झालं तर पुढच्या शोपासून लॅपटॉप. आणि ऐन वेळी काही अडचण आलीच तर जवळ असावा म्हणून लॅपटॉपही स्टेजवर बसेल.

"आणि विक्कीचं आहे तसंच वाजवायचं," आयुष म्हणाला. "एक सूर इकडचा तिकडे नको."

"हो दादा," मिनल म्हणाली. ती खोटं बोलत नव्हती. त्या वेळी तिचं खरंच तसं मत होतं.

मत बदललं ते घरी. दहावीपर्यंतची मिनल असती तर बदललं नसतं. ती मिनल वर्गात स्वतःची हजेरीसुद्धा शेजारणीला द्यायला लावायची. पण यंदा जयंतीच्या कार्यक्रमात तिच्या वडिलांचा, म्हणजे बुद्धरत्नांचा, घसा गाण्याच्या ऐन मध्यावर बसला. ते नुसते हातवारे करत उभे राहिले आणि उरलेलं सगळं गाणं मिनलनं एकटीनं कीबोर्डवर ओढून पार नेलं. लोक म्हणाले, बुद्धरत्न आज बरे गायले. बुद्धरत्न काही बोलले नाहीत, कारण त्यांना बोलता येत नव्हतं. त्या दिवसापासून मिनलला आवरणं घरात कुणालाच जमत नव्हतं.

'बस सुटली' हे रिवर्कचं शेवटचं आणि सगळ्यात मोठं गाणं. कंपनीची बस चुकलेल्या माणसाचं. त्याच्या मध्यावर कीबोर्डचा सोलो होता, आणि विक्कीचा सोलो म्हणजे दारात उभं राहून 'येऊ का?' विचारल्यासारखा. विचारायचा आणि आत न येताच निघून जायचा. मिनलला ते बघवेना.

कीबोर्डच्या डाव्या अंगाला एक चाक असतं. ते पुढे ढकललं की सूर वर सरकतो, मागे घेतलं की खाली येतो. मिनलनं त्या चाकाचा पल्ला वाढवून ठेवला, एक जाडजूड आवाज निवडला आणि हेडफोन लावून बघितलं. सूर खालून उठला, हळूहळू चढत चढत पार वर गेला, तिथे थोडा थांबला आणि पुन्हा हळूहळू खाली आला. परत एकदा. मग अजून एकदा. डोळे मिटले की वाटायचं, बसच काय, सगळं जगच सुटून चाललंय आणि आपण स्टॉपवर.

ती ते आठवडाभर हेडफोनमध्येच वाजवत राहिली. प्रॅक्टिसला मात्र विक्कीचा सोलो वाजवला, अगदी शहाण्यासारखा. आयुष म्हणाला, "पास."

फॅमिली डे रविवारी दुपारी होता. कंपनीत शिरताना गेटवर पाहुण्यांना सेफ्टीचा व्हिडिओ दाखवायचे. तो बघितल्याशिवाय आत सोडत नसत. मिनलनं तो हेडफोन लावून बघितला, म्हणजे चित्र व्हिडिओचं आणि आवाज स्वतःच्या सोलोचा. एक हसरा माणूस हेल्मेट घालून कुठंतरी चालत होता.

"समजलं ना, ताई?" गार्डनं विचारलं.

"हो," मिनल म्हणाली.

मैदानात मंडप होता. आधी मुलांची फॅन्सी ड्रेस स्पर्धा झाली. तीत बरीच मुलं दरवाजा बनून आली होती. मग एचआरच्या मॅडमनी जाहीर केलं की आता आपल्याच कंपनीतल्या कलाकारांचा रॉक बँड, आणि त्यानंतर लगेच जेवण. 'लगेच जेवण'ला टाळ्या पडल्या.

रिवर्कनं सुरुवात जोरात केली. पब्लिक बसलेलं होतं. ते बसूनच राहिलं.

"चला, उठा सगळे!" दुसऱ्या गाण्याला आयुष ओरडला.

कुणी उठलं नाही. पुढच्या रांगेत प्रेस शॉपचे सोनबा बसले होते. म्हाळुंगेकडचे, घरची शेती बघून कंपनी करणारे, धम्मरत्न मामाच्या शेजारच्या मशीनवर. ते मान हलवून म्हणाले, "आवाज चांगला हाय. पन जरा बारीक करा."

"हात वर! हात वर करा!" तिसऱ्या गाण्याला आयुष म्हणाला.

मागून एक हात वर आला. आयुषचा चेहरा उजळला. त्या हाताच्या खालच्या माणसाला जेवणाचे कूपन कुठे मिळतात ते विचारायचं होतं.

तोपर्यंत मिनल विक्कीसारखी वाजवत होती. चूक एकही नाही. आयुषनं एकदा मागे वळून मानही डोलावली. जागा जवळजवळ पक्की झाली होती, आता फक्त शेवटचं गाणं. शहाणपण याच्यात होतं की 'बस सुटली'मध्येही 'येऊ का?' विचारायचं आणि निघून यायचं.

सोलो आला. मिनलनं आवाज बदलला, डोळे मिटले आणि चाक ढकललं.

घरचे हेडफोन आणि मैदानातले माणसाएवढे स्पीकर यांच्यात बराच फरक असतो. सूर उठला आणि पत्र्याच्या शेडवर जाऊन आपटला. चढला, थांबला, उतरला. परत चढला. मिनलच्या अंगावर काटा आला. तिसऱ्यांदा सूर चढत असताना तिला समोरून खुर्च्या सरकल्याचा आवाज आला. एक नाही, सगळ्याच. तिनं डोळे उघडले.

अख्खं पब्लिक उभं होतं.

मिनलला इतका आनंद झाला की तिनं तो सूर अजून थोडा वर नेला. मग पब्लिक डावीकडे वळलं आणि चालायला लागलं.

कुणी पळत नव्हतं. कुणी बोलत नव्हतं. प्रत्येकानं आपापल्या मुलाचा हात धरला होता आणि जे दरवाजा बनले होते त्यांना कडेवर घेतलं होतं. रांगेत, डाव्या बाजूनं, सगळी माणसं मैदानाच्या पलीकडच्या टोकाला निघाली होती. मग मागचा ड्रम थांबला. मामानं काठ्या खाली ठेवल्या, उठला आणि रांगेला लागला. आयुषनं गळ्यातली गिटार काढून नीट स्टँडला लावली आणि तोही गेला. रश्मी या कंपनीची नव्हती आणि गेटवरचा व्हिडिओ तिनंही फोनवर बोलत बोलतच बघितला होता. तिनं इकडं बघितलं, तिकडं बघितलं, "काय झालं?" असं हवेलाच विचारलं आणि सगळे चाललेत म्हणून तीही गेली.

सोलो आवडला नाही म्हणून लोक उठून गेल्याचं मिनलनं ऐकलं होतं. ड्रमरही गेल्याचं ऐकलं नव्हतं.

पण बुद्धरत्नांच्या गायन पार्टीत एक शिस्त होती: सुरू केलेलं गाणं संपवूनच उठायचं, मग मंडप उडाला तरी चालेल. इथं मंडप जागेवर होता. मिनल वाजवत राहिली. स्टेजवर आता दोघंच होते, ती आणि लॅपटॉप. लॅपटॉपची स्क्रीन झोपली होती.

तेवढ्यात कंपनीचे सेफ्टी ऑफिसर अण्णासाहेब तिच्या दिशेनं येताना दिसले. कंपनीत पळायला बंदी होती आणि ती त्यांनीच घातली होती, म्हणून ते पळत नव्हते. फार जोरात चालत होते. त्यांच्या हातात मेगाफोन होता.

"तू इथं काय करतेस?"

"सोलो चाललाय."

"भोंगा ऐकला नाहीस? तीनदा झाला! आग लागली की तीनदा होतो. व्हिडिओ नाही बघितलास गेटवर?"

"कुठला भोंगा?" मिनलनं विचारलं. तिचा हात अजून चाकावर होता. तो किंचित हलला आणि सूर उठला, चढला, पत्र्यावर आपटला.

अण्णासाहेबांनी कीबोर्डकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"हा," ते म्हणाले.

मिनलनं चाकावरचा हात काढला. मैदानाच्या टोकाला चार बाण एका ठिकाणी येतात अशी हिरवी पाटी होती, तो असेंब्ली पॉइंट. आग लागली की सगळ्यांनी जाऊन उभं राहायची जागा. तिथं अख्खी कंपनी बायकामुलांसकट रांगा करून उभी होती आणि तिसऱ्या रांगेत आयुष होता. इतक्या लांबूनही तो लॅपटॉपकडे बघतोय असं तिला वाटलं.

"सॉरी सर," ती म्हणाली.

पण अण्णासाहेब रागावलेले दिसत नव्हते. ते रांगांकडे बघत होते आणि त्यांचे डोळे भरून आले होते. "मागच्या फायर ड्रिलला," ते हळूच म्हणाले, "लोक चहाचे कप घेऊन रमतगमत आले होते. एक जण सेल्फी काढत होता. म्हणून मी त्यांना परत जागेवर पाठवलं, परत भोंगा, परत ड्रिल. सबंध चहाची सुट्टी गेली. शिव्या खाल्ल्या मी. आणि आज बघ."

मग त्यांनी मेगाफोन तोंडाला लावला. "आग नाही! सगळे सुखरूप आहेत! परत या!"

कुणी हललं नाही.

"मी सांगतोय ना! चला, या परत!"

पहिल्या रांगेतून सोनबांचा आवाज आला. "न्हाई साहेब!"

"का न्हाई?"

"मागल्या टायमाला आसंच म्हनला व्हता तुमी, 'चला झालं.' आमी हललो. मंग म्हनला, ऑल क्लिअरचा भोंगा कुठं झाला? अन् परत ड्रिल!"

"अहो, तेव्हा मी परीक्षा बघत होतो!"

"अन् आता?"

तोंडी सांगितलेलं ऐकायचं नाही, धोका टळल्याचं सांगणारा ऑल क्लिअरचा लांब सरळ भोंगा झाल्याशिवाय माझं स्वतःचंही ऐकायचं नाही, हे अण्णासाहेबांनीच घोकून घेतलं होतं. त्यांनी वॉकीटॉकी काढला. "कंट्रोल रूम, ऑल क्लिअर द्या."

सगळे वाट बघत राहिले. कॅटररच्या बाजूनं मसालेभाताचा वास येत होता.

"दिलं का?"

"दाबतोय साहेब," वॉकीटॉकीतून गार्ड म्हणाला. "वाजत नाही."

"वाजत नाही म्हणजे? कधीपासून?"

"ते कसं कळणार साहेब? वाजवल्याशिवाय?"

अण्णासाहेबांनी वॉकीटॉकी खिशात ठेवला. खरी आग लागली असती तर काय, हा विचार त्यांच्या चेहऱ्यावरून एका बाजूनं दुसऱ्या बाजूला गेला. मग ते मिनलकडे वळले आणि एकदम मऊ आवाजात म्हणाले, "बाळ, तुझ्या या यंत्रातून एक सरळ सूर निघेल का? लांब, अजिबात न हलणारा?"

"निघेल."

"मग दे."

मिनलनं बोट उचललं आणि तसंच धरलं. सूर दिला की लोक सुटणार. आयुष स्टेजवर येणार, काही न बोलता खुर्चीपाशी जाणार आणि बटण दाबणार. विक्की खोकणार. हे तिला अगदी स्वच्छ दिसत होतं. आणि समोर तेवढंच स्वच्छ हेही दिसत होतं की दुपारभर जे पब्लिक उठायला तयार नव्हतं, ते आता उभं होतं, तोंड स्टेजकडे करून, आणि जाऊ शकत नव्हतं.

"देते," ती म्हणाली. "पण तो सूर गाण्याच्या शेवटी येतो. आधी एक कडवं आहे."

"काय?"

"कडवं. सोलो झाला की कडवं येतं."

"अगं, मी सेफ्टी ऑफिसर आहे!"

"हो सर. मी कीबोर्डला आहे."

अण्णासाहेबांनी रांगांकडे बघितलं, मसालेभाताकडे बघितलं. "किती मोठं आहे?"

"तुमचं बोलणं झालं की सुरू करते, सर."

अण्णासाहेबांनी मेगाफोन काखेत मारला. मिनलनं आयुषचा माइक आपल्याकडे ओढला, उंचीला कमी केला आणि सुरू केलं. ड्रम नाही, बेस नाही, गिटार नाही. डाव्या हातानं तिनं बेस धरला, उजव्यानं गिटारची जागा भरली आणि गायला लागली. तिचा आवाज आयुषसारखा खरखरीत नव्हता, पण मागच्या रांगेपर्यंत पोचत होता. वस्तीत मागची रांग गच्चीवर असते.

असेंब्ली पॉइंटवर नाचायचं नसतं. कुणी नाचलं नाही. पण रांगेतली सगळी माणसं मोजून झाली की रांगेच्या म्होरक्यानं हात वर करायचा असतो, आणि माणसं मोजून झाली होती. एकेक हात वर गेला. पोरांना वाटलं हे गाण्यात आहे, त्यांनीही केले. पोरांना एकट्यानं कसं करू द्यायचं म्हणून आयांनीही केले. मामा स्वतःच्या मांड्यांवर ड्रम वाजवत होता आणि इतका जोरात, की शेजारचे सोनबा म्हणाले, "आरं धम्मा, फुटंल की."

धृपद आलं. "बस सुटली, बस सुटली, मी हितंच हाय!" पहिल्यांदा मिनल एकटी गायली. दुसऱ्यांदा पहिली रांग गायली. रांगेत बोलू नये असा नियम होता. गाण्याबद्दल नियमात काही नव्हतं. तिसऱ्यांदा जे उठलं ते पत्र्याच्या शेडवर आपटून परत आलं, आणि ज्यांनी दुपारभर कूपनं सांभाळली होती ते डोळे मिटून, मान मागे टाकून ओरडत होते की बस सुटली.

आयुषनं मात्र तोंड उघडलं नाही. तो हाताची घडी घालून उभा होता.

मग मिनलनं सरळ सूर दिला. लांब. अजिबात न हलवता. अण्णासाहेबांनी मान खाली घालून तो पूर्ण ऐकला. रांगा सुटल्या, टाळ्या पडल्या, आणि सगळं पब्लिक शिस्तीत डावीकडून जेवणाकडे निघून गेलं. पुढ्यातल्या खुर्च्यांवर परत कुणीही आलं नाही.

आले ते तिघं. रश्मीनं लॅपटॉप मिटून बॅगेत घातला आणि त्याच्या खुर्चीत स्वतः बसली, कारण तिचे पाय दुखत होते. मामानं मिनलच्या डोक्यावर टपली मारली. आयुष कीबोर्डसमोर येऊन उभा राहिला.

"विक्कीचं आहे तसं वाजव म्हणालो होतो."

"हो."

"तू भोंगा वाजवलास. कंपनीचा. माझी नोकरी आहे इथं."

"मला माहीत नव्हतं दादा, शप्पथ."

आयुष आणखी काही बोलणार, तेवढ्यात अण्णासाहेब परत आले. त्यांच्याबरोबर एचआरच्या मॅडम होत्या.

"आयुष," अण्णासाहेब म्हणाले, "नवा भोंगा मंजूर होऊन यायला वेळ लागेल. तोपर्यंत हा कीबोर्ड कंट्रोल रूमला ठेवून जाता का? गार्डला शिकवून ठेवू. तुमच्याकडे लॅपटॉप आहे ना, तुमचं काही अडणार नाही."

मॅडमनी मान हलवली. कंपनीला बरं वाटेल, पुढच्या वर्षीही तुम्हालाच बोलावू, असं त्या म्हणाल्या.

मिनलनं आयुषकडे पाहिलं. कीबोर्ड द्यायचा की नाही हे खरं तर तिनं सांगायचं, कीबोर्ड बुद्धरत्नांचा होता. पण तिला आयुषचं ऐकायचं होतं.

आयुषनं खांदे उडवले. "नाही जमणार, सर."

"का?"

"परवा संध्याकाळी प्रॅक्टिस आहे. कीबोर्डशिवाय ही काय वाजवणार?"

अण्णासाहेब आणि मॅडम गेले. मिनल वायर गुंडाळायला लागली, कारण हाताला काहीतरी काम हवं होतं, नाहीतर तिनं उडी मारली असती.

"सोलो लांबलाय पण," आयुष म्हणाला. "अर्धा कर."

"नाही," मिनल म्हणाली.

मामानं छताकडे बघितलं. रश्मी खुर्चीत सरळ झाली.

"बरं," आयुष म्हणाला.

मग चौघं जेवायला गेले. मसालेभात होता. मठ्ठा संपला होता.